चवड्यांवर

तराफ्यावरून मानाम्बुलु ओलांडली तेव्हा
पाणी विटकरी होतं, आणि माझ्या मांडीवर कॅमेरा,
केळीच्या पानात बांधलेल्या भातासारखा
गच्च गुंडाळलेला.

मुरुन्दावात माझा स्टुडिओ आहे, सव्वा खोलीचा.
बावीस वर्षं मी चेहरे काढते.
हनुवटी वर. कान दिसू देत. हसू नका.
मागे पांढरा पडदा, चार प्रती, उद्या या.
दगडाला यातलं काय सांगायचं?

वाटाड्या माहातुकी. अनवाणी.
कमरेच्या पट्ट्यात माझा आकडा अडकवत म्हणाला,
"त्सिंगी म्हणजे चवड्यांवर चालणं.
टाच टेकली की दगड हिशेब मागतो."
दुसऱ्याच वळणावर माझी टेकली.
तो हसला नाही. तोंडातली काडी
या गालातून त्या गालात गेली, इतकंच.

शिडी संपली तिथे आभाळ होतं,
आणि आभाळाखाली, नजर जाईल तिथवर,
सुळके.
पावसाने लाखो वर्षं चाटून चाटून
धार लावलेले, राखाडी, उभेच्या उभे,
मधल्या फटींत अंधार आणि कुठेतरी खोल झाडांचे शेंडे.
पांढरं माकड एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलं
जसं कुणी घरातल्या घरात फिरावं.
मी "अगं आई" म्हणाले आणि खाली बसले.
बसायलाही जागा नव्हती.

दुपारपर्यंत दोनशे फोटो.
पडद्यावर बघते तर काय, फणी.
प्रत्येकात तीच फणी, उन्हाने पांढरी पडलेली.
भव्य म्हणून जे छातीत धडधडत होतं
ते बोटाएवढ्या काचेत मावायला तयार नव्हतं.

माहातुकीने दगडातला शिंपला दाखवला.
"इथे समुद्र होता."
"कधी?"
जरा विचार करून तो म्हणाला,
"माझ्या आजोबांच्या आधी."

परतताना नदीकाठच्या कड्यात एक कपार.
त्याने बोट दुमडलं
आणि दुमडलेल्या पेरानेच दाखवलं:
जुने लोक निजलेत.
सरळ बोट करायचं नाही. फादी.
हे मलाही ठाऊक होतं,
लहानपणी याच बोटावर आईचा फटका खाल्लाय.
पण माझ्या हातात हातभर लांब लेन्स होती,
आणि लेन्स कशी दुमडायची?
मी झाकण लावलं.
त्याने जमिनीवर रम शिंपडली,
उरलेली प्यायला, बाटली हलवून बघितली,
आणि मग, दुसरीकडे बघत,
"तुम्ही कार्डाचे फोटो काढता ना?"

एकोणीस वर्षं तो लोकांच्या फोटोंत आहे.
दोर धरलेला हात, वळलेली पाठ,
सुळके किती उंच ते कळावं म्हणून उभा केलेला माणूस.
कुठल्या कुठल्या देशांत भिंतीवर असेल.
त्याच्या घरी एकही नाही.
आणि वाटाड्याच्या नव्या कार्डाला दोन लागतात.

मग मी त्याला उभं केलं, कड्यापासून दूर,
सुळक्यांकडे पाठ करून.
हनुवटी वर. कान दिसू देत.
काडी काढली त्याने, खिशात ठेवली.
मी भिंग पूर्ण उघडलं तशी
मागची सगळी धार विरघळली,
लाखो वर्षं, शिंपले, माकडं, सगळं
मऊ राखाडी धूर.
उरले त्याचे डोळे आणि डाव्या भुवईतली खोक.
दिवसभरात हाच एक फोटो
मी श्वास रोखून काढला.

कार्यालयाला राखाडी चालत नाही. पांढरं लागतं.
म्हणून काल रात्री स्टुडिओत
मी माहातुकीला कात्रीने कापून घेतलं,
कानांभोवती हळू, जिथे कागद फाटतो तिथे आणखी हळू,
आणि पांढऱ्यावर चिकटवून पुन्हा फोटो काढला.
उद्याच्या बसने जाईल.

कात्रण मात्र टाकवलं नाही.
काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलंय:
धूसर सुळक्यांचा एक तुकडा
आणि त्यात माणसाच्या आकाराचं भोक.
गिऱ्हाइकं वाकून बघतात, विचारतात हे कुठलं.
मी बोट दुमडते
आणि सांगते.